पाण्याची अमानत

इस्तंबूलहून परतल्यावर प्रत्येकाने एकच विचारले, "काय काय पाहिलंत?" मी आयासोफिया, तोपकापी, बॉस्फरसवरची संध्याकाळ अशी यादी सांगत राहिलो. एक गोष्ट मात्र सांगायची टाळली.

सुलेमानिया मशिदीत वजूला बसलो होतो. १५५७ मध्ये मिमार सिनानने पूर्ण केलेली ही मशीद. नळ तसाच वाहता ठेवून मी घुमटाचा फोटो काढू लागलो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी हात पुढे करून माझा नळ बंद केला. बोलले काहीच नाहीत. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण मी लहानपणी मदरशात शिकलो होतो. मान खाली गेली.

ज्या सिनानच्या घुमटाचा मी फोटो काढत होतो, त्यानेच या शहराला पाणीही आणून दिले होते. शहराच्या उत्तरेला बेलग्रेडचे जंगल आहे. तिथले पाणी त्याने दऱ्यांवर दगडी कमानी उभारून शहरातल्या पाणवठ्यांपर्यंत पोहोचवले. मराठवाड्यातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. मलिक अंबरनेही खडकी शहराला नहरींनीच पाणी दिले होते. तहानलेल्याला पाणी पाजणे ही सदका-ए-जारिया. उस्कुदारच्या काही जुन्या मशिदींच्या भिंतींवर तर पाखरांसाठीही दगडी घरे बांधलेली आहेत. देणाऱ्यांनी घेणाऱ्याची ओळख विचारली नव्हती.

मग मी कोण? पाहुणा म्हणजे फक्त घेणारा का?

मी ज्या विमानतळावर उतरलो, तो २०१८ साली सुरू झाला. उत्तरेकडच्या त्याच जंगलपट्ट्यात, असंख्य झाडे तोडून तो उभा राहिला. माझ्यासारख्यांची सोय व्हावी हाही त्यामागचा हेतू होताच. दीड कोटीहून अधिक वस्तीच्या शहराने विमानतळ बांधू नये, असे त्याच विमानतळावर उतरलेल्या मी कोणत्या तोंडाने म्हणावे? पण त्या झाडांशी माझा काही संबंध नाही, असेही आता म्हणवत नाही.

तिकीट काढले की पाहण्याचा हक्क मिळतो. पण ज्या पाण्यावर, ज्या जंगलावर ते शहर जगते, ती अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब तिकिटाच्या पैशांत फिटत नाही.

हल्ली घरी वजू करताना नळाची धार बारीक ठेवतो. त्याने तिथले एकही झाड परत येणार नाही, हे मला कळते. तरीही हात आपोआप नळाकडे जातो, आणि त्या वृद्धांचा हात आठवतो.