ईसांची वाट पाहणारे आपण

ठाण्याला मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. नाताळपूर्वीचे चार रविवार तिथे ‘आगमनकाळ’ म्हणून पाळले जातात. आपल्याला वाटते, ही येशूच्या जन्मदिवसाची तयारी. ती आहेच, पण त्या दिवसांत ख्रिस्ती माणूस आणखी एका आगमनाची आठवण जागवतो. येशू पुन्हा येईल, जिवंतांचा आणि मृतांचा न्याय करील, ही त्याची श्रद्धा. अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्या अरामी भाषेत ‘मारानाथा’ म्हणत, म्हणजे ‘आमच्या प्रभू, ये’.

वाचकहो, ही आशा आपल्याला परकी नाही. हजरत ईसा (अ.स.) कयामतीपूर्वी उतरतील, न्यायाने राज्य करतील, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ते त्यांना देवाचा पुत्र मानतात, आपण अल्लाहचे बंदे आणि पैगंबर मानतो. क्रुसाबाबतही मतभेद आहे. हा फरक लहान नाही, तो झाकूनही ठेवू नये. पण वाट पाहणारे दोघेही आहेत. मग प्रश्न उरतो तो असा, की या वाट पाहण्याने माणसाचे आज काय होते?

या प्रश्नाचा एक दाखला ठाण्यातच आहे आणि तो आपल्याला अवघड जाणारा आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यात उतरले. टोलेंटिनोचे थॉमस हे त्यांतले एक. इथल्या नेस्टोरियन ख्रिश्चनांच्या घरी ते राहिले. काझीसमोर धर्माचा वाद झाला, पैगंबरांविषयी त्यांना विचारले गेले, त्यांनी दिलेले उत्तर सहन झाले नाही आणि चौघेही मारले गेले. त्यांचे सोबती जॉर्डनस यांनी देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. ही हकीकत ख्रिस्ती लेखकांनी लिहिलेली आहे, तिच्यातले चमत्कार बाजूला ठेवता येतील. हत्या मात्र बाजूला ठेवता येत नाही. मला खटकते ते हे: ज्यांची श्रद्धा होती की अंतिम निवाडा कयामतीच्या दिवशी अल्लाहच करील, त्यांनीच तो निवाडा घाईने आपल्या हातात घेतला. (युरोपात त्याच काळात ख्रिस्ती धर्मन्यायालये पाखंड्यांना जाळण्यासाठी सोपवत होती. तेही येशूची वाट पाहणारेच होते.)

याच्या उलट दुसरी चूक आहे, हात जोडून बसण्याची. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला अवघ्या काही आठवड्यांत उभी राहिलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, त्यांची लेकरे होती. अशा वेळी ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द चटकन ओठांवर येतात. शोक करणाऱ्याच्या तोंडी ते शोभतात, त्याला सब्र देतात. पण निकृष्ट बांधकाम करणाऱ्याच्या आणि ते पाहून डोळे मिटणाऱ्याच्या तोंडी ते शब्द म्हणजे पळवाट. वरचा न्याय होईल म्हणून खालचा सोडून द्यावा, असे कोणत्या किताबात आहे?

उलट मत्तयच्या शुभवर्तमानात येशू त्या शेवटच्या दिवसाचे चित्र रंगवतात, तेव्हा विचारणा वेगळीच होते. भुकेल्याला जेवू घातले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याकडे गेलात का? जे त्यांच्यासाठी केले ते माझ्यासाठीच केले, असे राजा सांगतो. सहीह मुस्लिममधली एक हदीसे कुदसी वाचणाऱ्याला इथे थबकायला होते. तिथे अल्लाह कयामतीच्या दिवशी बंद्याला म्हणतो की मी आजारी होतो, तू आला नाहीस; भुकेला होतो, तू दिले नाहीस. बंदा गोंधळून जातो, तू तर सर्व जगाचा रब! उत्तर मिळते की माझा अमुक बंदा आजारी होता, तिथे मी भेटलो असतो. ज्याच्या येण्याची वाट पाहायची, तो आधीच दारात येऊन गेलेला असतो.

१९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबे डोक्यावर छप्पर शोधत मुंब्र्याला आली. मत्तयच्या यादीतला ‘परका’ तो हाच. खोली शोधणारे आजही कौशापर्यंत फिरताना दिसतात. त्यांना इमारतीची कागदपत्रे वाचून दाखवणारा कोणी भेटतो का, हे जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात विचारता येईल आणि रविवारी चर्चच्या दारातही.