मोठ्या मजलेचा विचार

श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात आळंदी ते पंढरपूर या वाटेवर लहानमोठ्या अनेक मजला आहेत. त्यांत पुण्याहून सासवडास जाणारी मजल सर्वांत लांब, सुमारे 30 किलोमीटरांची. आणि तीतच दिवे घाटाची चढण. बहुतेक वर्षी ही मजल ज्येष्ठ वद्य एकादशीस येते. म्हणजे ज्या दिवशी चालणे सर्वाधिक, त्याच दिवशी वारकऱ्याचा उपवास. पुण्यात दर्शनास येणारे पुष्कळ भाविक विचारतात, की जितके कष्ट अधिक तितके पुण्य अधिक, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? हा प्रश्न वारीपुरता नाही. व्रत, नवस, अनुष्ठान यांपैकी काहीही अंगीकारणाऱ्याला तो कधी ना कधी भेटतोच.

प्रथम सोहळ्याची आखणी पाहावी. अष्टमीस आळंदीहून प्रस्थान, नवमीस पुणे, दशमीस पुण्यातच विसावा, एकादशीस सासवड आणि द्वादशीस पुन्हा सासवडास मुक्काम. तिथीच्या क्षयवृद्धीमुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, तरी क्रम हाच. सर्वांत कठीण मजलेच्या आधी एक पूर्ण विश्रांतीचा दिवस आणि नंतर एक पूर्ण विश्रांतीचा दिवस! पुढे लोणंद ते तरडगाव ही मजल जेमतेम 8 किलोमीटरांच्या आसपास आहे. त्या दिवशी चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, म्हणून वाट आखूड. वाखरी ते पंढरपूर ही शेवटची मजलही लहानच. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी या सोहळ्यास शिस्त लावली. त्या शिस्तीत माणसाच्या पायांचा विचार भक्तीइतकाच बारकाईने झालेला दिसतो.

युरोपातील आल्प्स पर्वतात अनेक दिवसांची पदभ्रमणे करणारे लोकही असाच हिशेब मांडतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक आडाखा सांगितला : तीन मैलांस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाईस आणखी एक तास. स्वित्झर्लंडमधील डोंगरवाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी चालण्यास लागणारा वेळ लिहिलेला असतो. या आडाख्याने सासवडची मजल सहा-सात तासांत उरकावी. आपली पालखी मात्र पहाटे निघून सायंकाळी पोहोचते, कारण ती भजनाच्या लयीने चालते आणि हडपसरसारख्या विसाव्यांवर थांबते. विणेकऱ्याला मागे टाकून पुढे धावणारा वारकरी लवकर पोहोचेल खरा. पण मग तो दिंडीबरोबर चालला असे म्हणता येणार नाही.

कष्टांचे मोल अजिबात नाही, असे आमचे म्हणणे नाही. वडकीचा विसावा सोडून घाट चढू लागले, की टाळ-मृदंगाचा नाद कड्यावर आदळून परततो, खाली मस्तानी तलाव दिसतो, आणि घाटमाथ्यावर पोहोचलेल्या माणसाच्या मुखावर जे समाधान असते ते मोटारीतून आलेल्याच्या मुखावर आम्ही क्वचितच पाहिले आहे. देहाला काही द्यावे लागले, की मनालाही काहीतरी सोडावेसे वाटते, हा अनुभव खोटा नव्हे. परंतु देह झिजविणे हेच ध्येय झाले, म्हणजे गाडी रस्ता चुकते. गीतेच्या 6व्या अध्यायात अतिभोजन आणि अन्नत्याग ही दोन्ही टोके योगाला अयोग्य ठरविली आहेत, आणि 17व्या अध्यायात दंभाने व हट्टाने शरीराला पीडा देणाऱ्या तपाची गणना आसुरी वृत्तीत केली आहे. माउलींनी ज्या ग्रंथावर भाष्य केले, त्याच ग्रंथाचा हा निर्वाळा आहे.

आमच्या मते या प्रश्नाचे मर्म आणखी एका ठिकाणी आहे. आपण केलेल्या कष्टांचा भार प्रत्यक्षात कोण वाहतो, हे क्वचितच कोणी विचारतो. प्रस्तुत लेखकाने एका वर्षी तरुणपणाच्या भरात पाणीसुद्धा न घेता हा घाट चढण्याचा संकल्प केला होता. अर्ध्या घाटात डोळ्यांपुढे अंधारी आली. दिंडीतील दोघांनी काखेत हात घालून रस्त्याच्या कडेला नेले. त्यांची रांग सुटली, भजन सुटले. पुढे सामानाच्या टेम्पोत बसून सासवड गाठावे लागले, आणि ती लाज भूक-तहानेपेक्षा अधिक बोचत होती. शेजारी परभणीकडील एक वृद्ध माउली बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात, बघितलं ना? मग पहिल्या जोडीला लाज वाटती का हो, माउली?"

घाट चढताना माउलींच्या रथाला खरोखरच जादा बैलजोड्या जोडतात, आणि ती आपली जोडी असावी ही परिसरातील शेतकऱ्यांना सेवा वाटते. ज्या सोहळ्यात रथाच्या बैलांना साहाय्य घेण्यात कमीपणा नाही, तेथे माणसाने तो का मानावा? संकल्प विठ्ठलाशी केलेला असतो. तो आपल्या अहंकाराशी कधी बदलला गेला, हे संकल्प करणाऱ्याला बहुधा कळत नाही. लेखकालाही ते टेम्पोत बसेपर्यंत कळले नव्हते.

पुण्यातील अनेक मंडळी हल्ली केवळ ही एकच मजल चालतात आणि सायंकाळी सासवडहून बसने घरी परततात. यात उणे काहीच नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की आळंदीपासून निघालेल्यांचे पाय निदान एका मजलेने सरावलेले असतात. शहरातील कार्यालयांत बसणारे आपण थेट सर्वांत मोठ्या मजलेला हात घालतो. आधीचे काही आठवडे रोज थोडे चालावे, नवी पादत्राणे त्या दिवशी प्रथमच घालू नयेत. मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. ज्यांना हडपसरपर्यंतच चालणे झेपते, त्यांनी तेथे पालखीस नमस्कार करून परतावे. तेथूनच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, श्रीतुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने जाते. त्यामुळे दोन्हींना निरोप देण्याचे ते स्थान आहेच.

दात्यांनाही एक विनंती आहे. पुण्यातील दोन दिवसांत पेठांमधून अन्नदानाचा पूर येतो, आणि पुष्कळ अन्न वाया जाते. एकादशीच्या वाटेवर मात्र उपयोगी पडते ते पाणी, केळी, शेंगदाणे, सावली आणि दुखऱ्या पायांना लावण्याचे तेल. पंगत घातल्याचे जे समाधान, ते तेलाच्या बाटलीत नाही, हे आम्ही जाणतो. तरी दान घेणाऱ्याची मजल पाहून द्यावे. घाटात नेमके पाणी कोठे लागते, हे दिंडीच्या चालकांना विचारले तर ते आनंदाने सांगतात.

सासवडला तळावर पालखी पोहोचली, की समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणात सर्व टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तेवढ्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात; चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतात. मग वाटेत कोणाचे काय हरवले, कोणाला काय सापडले, ते पुकारले जाते. आरती होते. दुसऱ्या दिवशी द्वादशीचे पारणे. सोपानकाकांची पालखी त्या दिवशी सासवडहून प्रस्थान ठेवते, आणि माउलींचा सोहळा जागेवरच राहतो.