येताना द्या

समुद्रसपाटीपासूनची उंची जसजशी वाढत जाते, तसतशी माणसाची नीतिमत्ता कमी होत जाते, असा माझा एक सिद्धान्त आहे. तो मी कुठल्या ग्रंथातून उचललेला नाही. 1983 सालच्या कार्तिकात, बोरघाटात सायकल ढकलता ढकलता तो मला सुचला आणि त्यापायी मला दीड रुपया खर्च आला. म्हणजे खरं तर आला नाही. तीच तर सगळी भानगड आहे.

तरुणपणी ज्याला मोटारसायकल परवडत नाही त्याला निसर्गाची आवड असते. मला आणि माझ्या बँकेतल्या एका मित्राला ती अतोनात होती. पालीच्या गणपतीचं दर्शन घेऊन सायकलींवरून खोपोली आणि तिथून घाटाने पुणे, असा आमचा बेत होता. पाली-खोपोली रस्ता तेव्हा असा होता की दहा मिनिटांत एखादी एष्टी गेली तर रहदारी वाढली असं वाटे. साग, पळस, करवंदीच्या जाळ्या, मध्येच भात कापून मोकळी झालेली खाचरं आणि खळ्यापाशी रचलेली उडवी. एका खळ्यावरच्या आजीने विचारलं, "कुठं निघालात रं?" म्हटलं, "पुण्याला." ती कळवळून म्हणाली, "का? एष्टी बंद हाय?"

हौसेखातर कष्ट करणाऱ्याला कष्टाने पोट भरणाऱ्याकडून मिळालेलं इतकं नेमकं प्रशस्तिपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. तिने आम्हाला तांब्याभर पाणी दिलं आणि त्याच्या अर्धा तांब्या दयाही दिली.

खोपोली तोंडावर आली आणि साजगावात माझ्या मागच्या चाकाने राम म्हटला. गावात यात्रा भरली होती. साजगावची ही यात्रा कार्तिकी एकादशीला सुरू होते. विठोबा पंढरपूरचाच, पण बाजार सुक्या मासळीचा. भाविक आधी देवाच्या पायांवर डोकं ठेवतो आणि मग बोंबलांची जुडी काखेत मारून घरी जातो. देवाचं नावही बोंबल्या विठोबा. देवाने इतकं समजून घेतलेलं आमच्या शाकाहारी पुण्याला परवडलं नसतं.

पंक्चरवाला म्हातारा होता. त्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे पाहिले, एकाच्या जागी दोन भोकं शोधून काढली आणि कानस घासता घासता देवाची गोष्टही सांगितली. तुकोबा म्हणे मिरच्या विकायला इथवर आले. गिऱ्हाइकांना म्हणाले, तुम्हीच मापून घ्या. गिऱ्हाइकांनी भरपूर मापलं आणि पैसे द्यायच्या वेळी पाय काढला. मग विठोबाच दारोदार बोंबलत फिरला आणि त्याने उधारी वसूल केली, म्हणून तो बोंबल्या. बोंबलांच्या बाजारावरून नाव पडलं असंही काही जण सांगतात, पण म्हाताऱ्याचं मत वसुलीच्या बाजूचं होतं.

"किती झाले?"

"दीड रुपया."

मी पन्नासाची नोट काढली. म्हाताऱ्याच्या डब्यात सोल्यूशनची ट्यूब होती, पण साडेअठ्ठेचाळीस रुपयांची मोड नव्हती. मित्राच्या खिशात तशीच दुसरी नोट होती. म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. येताना द्या."

मी म्हणालो, "हो हो." आम्ही येणार नव्हतो. हे मला ठाऊक होतं, मित्राला ठाऊक होतं आणि कॅरिअरवरच्या वळकट्या पाहून बहुधा म्हाताऱ्यालाही ठाऊक असावं.

घाट सुरू झाला. खोपोलीला 1915 सालापासून टाटांचं वीजघर आहे. वरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खाली आणून तिथे वीज करतात. आम्ही खालून वर जात होतो आणि आमच्यापासून नुसता घाम तयार होत होता. निम्मा घाट चढल्यावर एका टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने पन्नासाची मोड दिली. खिशात नाणी खुळखुळली, आणि ती साजगावच्या म्हाताऱ्याच्या आवाजात खुळखुळली.

"परत जायचं?" मी विचारलं.

मित्राने हिशेब मांडला. एक, रक्कम क्षुल्लक. दोन, म्हातारा 'येताना' म्हणाला. आपण येणारच नाही, तेव्हा कर्ज कधी फेडीला येतच नाही. तीन, हा चढ पुन्हा चढावा लागेल. पहिले दोन मुद्दे कायद्याचे होते. मला पटला तो तिसरा. रस्ता सपाट असता तर मी तेवढंच अंतर शीळ घालत परत गेलो असतो. उतारावर मी हरिश्चंद्रच असतो.

पुढे शिंग्रोबाचं देऊळ लागलं. शिंग्रोबा धनगर. इंग्रजांना या घाटातली वाट त्याने दाखवली, बक्षीस म्हणून देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि गोळी खाल्ली, असं सांगतात. गाडीवाले तिथे नाणं टाकून पुढे जातात. मी दीड रुपया टाकला आणि म्हाताऱ्याच्या खात्याला रेघ मारली.

ती रेघ पुण्यापर्यंतही टिकली नाही. साजगावचा देव माणसाची उधारी माणसासाठी वसूल करत फिरला होता. ती परस्पर देवाच्या नावावर जमा करा, असं त्याने कुठे म्हटल्याचं ऐकिवात नाही. मेलेल्या वाटाड्याला नाणं टाकायला आपण सगळे थांबतो. जिवंत माणसाचे पैसे द्यायच्या वेळी नेमके सुट्टे नसतात.

दीड रुपयाने म्हातारा बुडाला नसता. मला छळत होता तो आमच्या मागून येणारा सायकलवाला. सायकलवरचा प्रवास सगळा उधारीवर चालतो. कुणाचं पाणी, कुणाची पडवी, कुणी दाखवलेली जवळची वाट. ती उधारी आपण ज्याची त्याला फेडू शकत नाही, हे खरंच. पण जी फेडता येते तीही बुडवली, तर म्हातारा पुढच्याला 'येताना द्या' कशाला म्हणेल? आमचा दीड रुपया तो भरणार.

चाळीसएक वर्षांनी मुलाच्या मोटारीतून यात्रेला गेलो. मोटारीला चढ लागत नाही, त्यामुळे सद्‌सद्विवेकबुद्धीला काही सबब उरली नव्हती. म्हातारा अर्थातच नव्हता. त्याच्या जागेच्या आसपास एक पोरगा हवेचं मशीन घेऊन बसला होता. त्याला सगळी हकिगत सांगून मी शंभराची नोट पुढे केली.

तो म्हणाला, "काका, मी काय काम केलं? मी कसे घेऊ?"

मी धूर्तपणे म्हणालो, "बरं, गाडीत हवा तरी भर."

त्याने चारी चाकं तपासली, भरली, वर डिकीतलं पाचवंही काढायला लावलं.

"किती झाले?"

"हवेचे काय घ्यायचे? ऱ्हाऊ द्या."

दीड रुपया फेडायला गेलो आणि पाच चाकांची हवा अंगावर घेऊन निघालो. हट्टाने जुन्या रस्त्यानेच घाट चढलो. देवळापाशी मुलाने विचारलं, "बाबा, शिंग्रोबाला थांबायचं?"

"नको," म्हटलं. "तिथे मी एकदा भलत्याच खात्यावर पैसे भरलेत."