बेबाकीचा दाखला

एक काम सोडून दुसरे काम पत्करताना मनुष्य मागच्या कामाचे काय देणे लागतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पगार घेतला, त्याबदली श्रम दिले, दोन्हीकडचा हिशेब मिटला, असे व्यवहारी माणूस म्हणेल. कचेरीचा नियमही तेच म्हणतो. परंतु ज्या कामात आपला संबंध केवळ वस्तूंशी नसून माणसांशी, त्यांतही अजून घडत असलेल्या कोवळ्या माणसांशी येतो, त्या कामाचा हिशेब असा मिटतो काय? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत. दाखला दुसऱ्या कोणाचा न देता आमचाच देतो. कारण दुसऱ्याच्या चुकीवर लिहिताना लेखणी फार सहज चालते.

सन २००७ ते २०१६ अशी नऊ वर्षे आम्ही इंदूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचे परिचारक होतो. रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी पदरी असताना हे काम का केले, असे पुष्कळांनी विचारले. घरची परिस्थिती, एवढेच त्याचे उत्तर आहे. हे काम कसे असते ते बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. सकाळी सर्वांच्या आधी येऊन खिडक्या उघडायच्या. स्पिरिटचे दिवे भरून त्यांच्या वाती नीट कापायच्या. परीक्षानळ्या धुऊन घोडीवर उपड्या लावायच्या. बाटल्यांवरच्या आम्लाने खाल्लेल्या चिठ्ठ्या काढून नव्या डकवायच्या. सौम्य आम्ल करायचे ते आम्लात पाणी ओतून नव्हे, पाण्यात आम्ल ओतून, तेही बारीक धारेने. ही गोष्ट आम्ही नऊ वर्षांत किती मुलांस सांगितली असेल याची गणती नाही. इतके करून तास सुरू झाला की दाराशी उभे राहायचे, आणि कोणाच्या हातून काही फुटले तर झाडू घेऊन धावायचे.

मराठी घरांतली मुले आम्हांस 'काका' म्हणत, बाकी सारी 'भैया'. 'सर' कोणीच म्हणत नसे, आणि त्याचे आम्हांस कधी वाईटही वाटले नाही. मुलांचा आमच्यावर लोभ होता. वर्गात उत्तर चुकले तर गुण जाई. आमच्यापाशी चुकले तर फार तर एक नळी पुन्हा धुवावी लागे. कोणाच्या घरी भांडण झाले, कोण डबा न आणता आला, कोणास गणिताची धास्ती बसली आहे, हे शिक्षकांच्या आधी आम्हांस कळे. हा आपल्या स्वभावाचा गुण आहे, असे आम्ही त्या काळी समजत होतो. तो बहुतांशी आमच्या जागेचा गुण होता. ज्याच्या हाती ना शिक्षा ना गुणपत्रिका, त्याच्याशी मूल मोकळे बोलणारच.

शिक्षक व्हावे ही इच्छा जुनीच होती. पूर्वी बी.एड्. एका वर्षाचे असे. एखादे वर्ष रजा काढून ते उरकावे, असा आमचा बेत होता. २०१५ पासून तो अभ्यासक्रम देशभर दोन वर्षांचा झाला, आणि नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०१६ च्या जूनअखेर आम्ही त्या शाळेचा निरोप घेतला.

निरोपाच्या आधी दोन दिवस साठ्याची मोजदाद झाली. तराजू किती, वजनांच्या पेट्या किती, ब्युरेट किती, त्यांत तोटी गळणारे किती, हे सारे नव्या माणसाच्या हवाली केले. फुटलेल्या नळ्यांचाही तारीखवार तपशील नोंदवहीत होता. मुख्य लिपिकांनी तो पाहिला, आणि आमच्याकडे शाळेचे काहीही येणे नाही असा बेबाकीचा दाखला लिहून दिला. तो आजही आमच्या कागदांत आहे.

त्याच दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीत लहानसा समारंभ झाला. हार, श्रीफळ, एक पेन. प्राचार्य म्हणाले, 'आता तुम्ही खालून वर चालला आहात.' ते प्रेमानेच म्हणाले. बाहेर मुले उभी होती. 'भैया, परत याल ना?' असे त्यांनी विचारले, आणि आम्ही 'येईन, येत राहीन' असे सांगितले. त्यानंतर आम्ही त्या शाळेत एकदाच गेलो, तेही एका कागदावर सही आणण्यासाठी. मुलांस निरोप देताना मोठी माणसे जे बोलतात त्यातले किती खरे असते, हाही एक स्वतंत्र विषय होईल. मूल मात्र ते सारे खरे धरून बसते.

त्या मुलांत एक जुना विद्यार्थी होता. तीन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला. आमचा निरोप आहे असे कळल्यावरून मुद्दाम आला होता. तो वाकून पाया पडला. काय शिकतोस असे विचारले तेव्हा वाणिज्य शाखेत आहे म्हणाला, आणि हसत हसत पुढे म्हणाला, 'केमिस्ट्री आपल्याला जमणारी नव्हतीच, काका. ते सॉल्ट आठवतं ना?'

आम्हांस ते पक्के आठवत होते. सन २०१३, फेब्रुवारी महिना, बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा. केंद्रीय मंडळाच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकास एकंदर ३० गुण असतात, त्यांतले ८ लवणाच्या पृथक्करणाचे. विद्यार्थ्यास एक पांढरी वा रंगीत पूड मिळते; ती कोणत्या धातूची व कोणत्या आम्लाची, हे त्याने क्रमाने परीक्षा करून ओळखावयाचे. पुड्या बांधणारे आम्ही, त्यांवर क्रमांक घालणारे आम्ही, आणि कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादीही आमच्याच खिशात. परीक्षेच्या दिवशी मुले आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहात, हे ज्याने अशी परीक्षा दिली आहे त्यास सांगावयास नको.

त्या वर्षी एका मुलाचे वडील दिवाळीनंतर वारले होते. तो महिनाभर शाळेत नव्हता, आणि आला तेव्हाही मनाने आलेला नव्हता. परीक्षेच्या दिवशी त्याच्या हाताला कंप सुटला होता. ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली भरून देण्याच्या निमित्ताने आम्ही त्याच्या टेबलाशी गेलो, आणि खाली पाहात दोन शब्द बोललो: झिंक सल्फेट. जुने लोक ज्यास पांढरा मोरचूद म्हणतात, ते. त्याने वर पाहिले नाही, पण त्याचा हात स्थिर झाला.

त्याच्या शेजारच्या टेबलावर हा मुलगा उभा होता. त्याच्या पुडीतही तेच लवण होते. वर्षभर आपल्या नळ्या स्वतः धुऊन परत ठेवणारा, नोंदवहीत रेघ न रेघ आखणारा असा तो. त्याने सारे क्रमाने केले. मात्र तिसऱ्या वर्गाच्या परीक्षेत नवसागर कमी घातला. तो पुरेसा असता तर जस्त विरघळलेलेच राहिले असते आणि पुढच्या वर्गात सापडले असते. कमी पडल्यामुळे त्याच्या नळीत तेथेच पांढरा अवक्षेप दिसला. त्याने प्रामाणिकपणे ॲल्युमिनियम लिहिले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद पाहून 'हे चुकले' म्हटलेले आम्ही दाराशी उभे राहून ऐकले. दोन टेबलांत अंतर दोन पावलांचे होते.

आता कोणी म्हणेल की आठ गुणांची ती काय कथा! दुःखी मुलास आधार दिलात, पुण्यच केलेत. आम्हीही पुष्कळ दिवस असेच म्हणत होतो. एकास दिल्याने दुसऱ्याचे गुण कमी झाले नाहीत, हेही खरे. परंतु परीक्षा म्हणजे सर्वांस एकाच काट्यात तोलण्याचा शब्द. तो शब्द शाळेने त्या दोघांस दिला होता. आम्ही शाळेच्या वतीने तेथे उभे होतो, आणि आम्ही तो मोडला. शिवाय ज्यास आम्ही दया म्हणत होतो तिला आमची काय झीज सोसावी लागली? आमच्या डब्यातली पोळी दिली असती तर ती दया. येथे दिले ते आमचे नव्हतेच.

आणि याहून बोचरी एक गोष्ट आहे. त्या मुलास खरी मदत करणे आमच्या हाती होते. जानेवारीचा सबंध महिना मोकळा होता, प्रयोगशाळेची किल्ली आमच्याकडे होती, विषय आम्हांस येत होता. प्राचार्यांस विचारून शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास त्यास घेऊन बसलो असतो तर महिन्यात तो तयार झाला असता. शेजारचाही येऊन बसला असता. मनात ते आले नव्हते असे नाही. पण बस निघून जाई, घरी उशीर होई. आणि शिकवणे आमचे काम नव्हे, हीही एक सोयीची सबब होती. तो अर्धा तास आम्हांस जड वाटला. परीक्षेच्या दिवशीचे दोन शब्द हलके होते.

छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. बहुतेक वाचकांस तिचा पहिला भाग ठाऊक असतो. मुलाने आईस आपले गोत्र विचारले. तरुणपणी अनेकांच्या घरी मी परिचारिणी म्हणून राबले, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, असे तिने सांगितले. मुलाने गौतम ऋषींपाशी तेच जसेच्या तसे सांगितले, आणि सत्यापासून ढळला नाही म्हणून गुरूने त्यास पदरात घेतले. मग त्याच्या हवाली रोडक्या चारशे गाई केल्या. त्यांच्या हजार झाल्या तेव्हा तो परतला. 'परिचारक' या हुद्द्याचे आम्हांस कधी ओझे वाटले असेल, तर ते या कथेने उतरविले आहे.

परंतु कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. हाच सत्यकाम पुढे आचार्य झाला. त्याच्यापाशी उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे अग्नींची सेवा करीत राहिला. इतर शिष्यांचे समावर्तन करून गुरूने त्यांस घरी पाठविले, यास पाठविले नाही. पत्नीने सांगितले, याने अग्नी नीट सांभाळले आहेत, यास उपदेश करा. सत्यकाम काही न बोलता प्रवासास निघून गेला. शिष्याने अन्न सोडले, आणि शेवटी त्या अग्नींनीच त्यास शिकविले. गुरूच्या मौनात काही हेतू असेल. विद्वान तो सांगतीलही. आम्ही मात्र नऊ वर्षे दिव्यांच्या वाती कापल्या आहेत. त्यामुळे आम्हांस ते वाचताना एवढेच दिसते की, ज्याने स्वतः गाई राखल्या त्यासही, आचार्य झाल्यावर, अग्नी राखणारा दिसेनासा होऊ शकतो.

प्राचार्यांनी म्हटलेले 'खालून वर' आम्हांस टोचले ते यामुळेच. आमच्या मते आम्ही वर गेलो नाही. ज्या चांगुलपणाला जबाबदारी नव्हती तो सोडून, जबाबदारी असलेल्या जागी आलो, इतकेच. परिचारकास सर्वांचे लाडके होता येते. शिक्षकास दोघांपैकी एकाच्या कागदावर काट मारावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच डोळ्यांकडे पाहून शिकवावे लागते.

मग त्या दिवशी, तो मुलगा समोर हसत उभा असताना, आम्ही त्यास खरे का सांगितले नाही? मनाने कारणे भराभर पुरविली. जुने उकरून त्यास दुःख कशास द्यावे? सांगितले तर दुसऱ्या मुलाचे नाव निघते, त्याचा काय अपराध? हे दुसरे कारण आजही आम्हांस खोटे वाटत नाही. एकाचे ऋण फेडताना दुसऱ्यास उघडे पाडणे हा फेडीचा मार्ग नव्हे. पण नाव न घेताही सांगता आले असते. 'तू चुकलास तो एका चिमूट नवसागराने. बाकी सारे बरोबर होते, आणि ज्याचे बरोबर आले त्यास मी सांगितले होते', एवढे वाक्य पुरे होते. केमिस्ट्री आपल्याला जमणारी नव्हती, ही त्याची समजूत त्या वाक्याने कदाचित हलली असती. खरी अडचण ही की आमच्या गळ्यात हार होता. तो दिवस आमचा होता, आणि तो आम्हांस बिघडू द्यावयाचा नव्हता.

२०१८ पासून आम्ही दुसऱ्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवितो. येथे सर्वजण 'सर' म्हणतात. डबा न आणलेले मूल कोणते, हे आम्हांस आता सर्वांत शेवटी कळते. जानेवारीत रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास प्रयोगशाळा उघडी असते. परीक्षेच्या पुड्या आम्ही स्वतः बांधतो आणि यादी आमच्याजवळ ठेवतो.

पहिल्याच वर्षी तेथल्या परिचारकास त्याचे वाईट वाटले. तरुण मुलगा, आमच्यासारखाच इंदूरच्या मराठी घरातला. आदल्या संध्याकाळी दिवे पुसता पुसता तो म्हणाला, 'सर, आधीचे सर यादी माझ्याकडेच देत. माझ्यावर भरवसा नाही का?'

तुझ्यावर आहे, असे म्हणून आम्ही त्यास २०१३ सालची सारी हकीकत सांगितली. मुलांची नावे तेवढी घेतली नाहीत. त्याने ती पुसणे न थांबविता ऐकली. शेवटचा दिवा जागेवर ठेवून तो म्हणाला, 'मग त्या मुलाला सांगितलंत का, सर, नंतर तरी?'

नाही, असे आम्ही म्हणालो.