खरा माणूस आणि पक्की आठवण

दंगल, स्फोट किंवा खून पाहिलेला साक्षीदार कोर्टात उभा राहिला की उलटतपासणीत त्याला ठरावीक प्रश्न विचारले जातात. जमावात किती जण होते? तलवार कोणत्या हातात होती? शर्टाचा रंग कोणता होता? पोलिसांच्या जबाबात चार माणसे सांगितलीत, आज सहा कशी झाली? साक्षीदार गोंधळतो. मग वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणतो, हा माणूस खोटे बोलत आहे.

हा प्रश्न कायद्याचा आहे, तसाच नीतीचाही आहे. भीतीच्या क्षणी ज्याची आठवण फाटली त्याला खोटारडा म्हणायचे का? आणि म्हणायचे नसेल, तर तो सांगेल ते सगळे अचूक मानायचे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वादाच्या भरात मात्र ते एकच धरले जातात आणि त्यातून कधी पीडितावर, तर कधी आरोपीवर अन्याय होतो.

आधी शरीराचे म्हणणे ऐकू या. जिवावर बेतले की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि पाठोपाठ कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात. छाती धडधडते, हातापायांत बळ येते. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची खूण पक्की करतो. पण त्याच वेळी शांतपणे विचार करणारा कपाळामागचा भाग मागे पडतो. प्रसंगाचा काळ, क्रम आणि जागा एकत्र बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचे कामही विस्कटू शकते. लक्ष अरुंद होते. समोर सुरा असेल तर नजर सुऱ्यावर खिळते, सुरा धरणाऱ्याचा चेहरा धूसर राहतो. म्हणून घाबरलेल्या माणसाला घटनेचा गाभा आयुष्यभर आठवतो. कडेचे तपशील मात्र कधी गळतात, तर कधी मागाहून भरले जातात.

हे किती खोल जाते, ते २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातून दिसले. कैदेत पडल्यास कसे तगावे याचे प्रशिक्षण घेणाऱ्या पाचशेहून अधिक सैनिकांची त्यात तपासणी झाली. खोट्या युद्धकैदेत त्यांची एक चौकशी अतिशय धाकाची, तर दुसरी सौम्य होती. सुटकेनंतर सुमारे एका दिवसाने ओळखपरेड घेतली, तेव्हा सौम्य चौकशी करणाऱ्याला ६२ टक्के सैनिकांनी बरोबर ओळखले. धाकाची चौकशी करणाऱ्याला ओळखणारे ३० टक्केच निघाले. ही माणसे तरुण, धडधाकट आणि शिकवून तयार केलेली होती, आणि चौकशी करणारा त्यांच्यासमोर बराच वेळ होता. मग मध्यरात्री दार फोडून आत आलेल्या जमावातले चेहरे एखाद्या आईने वर्षांनंतर बिनचूक सांगावेत, ही अपेक्षा कोणत्या न्यायात बसते?

ताणात नवी आठवण नीट बसत नाही, तशी जुनी आठवणही हाती लागत नाही. २००० साली झुरिचमधल्या संशोधकांनी काही लोकांना शब्द पाठ करायला दिले. दुसऱ्या दिवशी ते आठवण्यापूर्वी त्यांना कॉर्टिसोनची गोळी दिली, तर आठवणारे शब्द कमी झाले. शब्द मनात होते, वाट अडली होती.

आमच्या वाचकांना याचे एक उदाहरण लहानपणापासून ठाऊक आहे. ६३२ साली मदिनेत पैगंबर (स.) यांचे निधन झाले, तेव्हा हजरत उमर (र.) यांच्यासारखा खंबीर माणूस मशिदीत उभा राहून ते गेलेले नाहीत असे सांगू लागला, हजरत मूसा जसे आपल्या रबकडे जाऊन परतले तसे पैगंबरही परततील, असे त्यांचे म्हणणे होते. मग हजरत अबू बक्र (र.) आले आणि त्यांनी सूरह आले-इम्रानमधली १४४ वी आयत पढली. ती आयत नवी नव्हती, सहाबांना पाठ होती. तरी ती जणू आजच उतरली असे लोकांना वाटले. ती ऐकून उमर यांच्या पायांतले बळ गेले आणि ते खाली बसले. त्यांचा इमान कमी होता किंवा त्यांना कुरआन येत नव्हते, असे कोणी म्हटले नाही. दुःखाने ज्ञान झाकले होते. एका शांत माणसाच्या शब्दाने ते उघडे झाले.

इस्लामी न्यायपरंपरेने ही बाब न्यायाधीशालाही लावली. रागात असताना काझीने दोघांमध्ये निवाडा करू नये, अशी हदीस आहे. फकिहांनी तिचा अर्थ रागापुरता ठेवला नाही. कडकडीत भूक, तहान, झोप, वेदना, शोक, अशा मन ढवळणाऱ्या कोणत्याही अवस्थेला त्यांनी तो नियम लावला. निवाडा करणाऱ्याची बुद्धी ताणाखाली भरवशाची राहत नाही असे मानणारी परंपरा साक्ष देणाऱ्याला दगडाचा कसा समजेल?

पण याच परंपरेने दुसरी बाजूही सोडलेली नाही. हदीसच्या पंडितांनी रावी पारखताना दोन अटी वेगळ्या ठेवल्या. एक ‘अदालत’, म्हणजे सचोटी. दुसरी ‘ज़ब्त’, म्हणजे आठवण पक्की धरण्याची ताकद. नमाजी, परहेजगार, कधी खोटे न बोललेला माणूसही ज़ब्तमध्ये कमी ठरू शकत असे आणि त्यामुळे त्याची रिवायत कमजोर धरली जाई. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचे ग्रंथ जळाल्यावर त्यांच्या कथनात गोंधळ होऊ लागला, तेव्हा आधीच्या आणि नंतरच्या रिवायतींमध्ये पंडितांनी फरक केला. हा निर्णय त्यांच्या आठवणीबद्दल होता. माणूस खरा आणि माहिती चुकीची, असे होऊ शकते, हे या मंडळींनी बाराशे वर्षांपूर्वी मान्य केले होते.

आता आपल्या शहरात येऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. मधल्या काळात १९९६ च्या जानेवारीत सरकारने आयोग गुंडाळला आणि मे महिन्यात पुन्हा उभा केला. अशा दिरंगाईत जळितातून वाचलेल्या माणसाला तपशील विचारत राहायचे आणि एका आकड्यावर त्याची सारी साक्ष फेकायची, हा जुलूम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली भरवाडा भोगिनभाई खटल्यात हेच सांगितले: साक्षीदाराची स्मृती म्हणजे चित्रफीत नव्हे आणि किरकोळ विसंगतीवरून गाभा नाकारू नये.

येथपर्यंत सर्वांना पटेल. आता अवघड भाग. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. टॅक्सीचालकांनी शंभर दिवसांनंतर प्रवाशांचे चेहरे ओळखावेत असे कारणच नव्हते, हा न्यायालयाच्या तर्काचा एक भाग होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. त्या टॅक्सीचालकांना खोटे ठरवण्याची गरज नाही. साध्या दिवसाचे चेहरे मनात राहत नाहीत आणि भयाच्या क्षणी दिसलेले अर्धेच राहतात. दोन्हीकडे माणूस प्रामाणिक असू शकतो. पण एकट्या अशा आठवणीवर कोणाचे आयुष्य टांगता येत नाही.

येथेच कसोटी लागते. पीडित आपला असेल तर आठवणीच्या दुबळेपणाला सहानुभूती मागायची आणि आरोपी आपला असेल तर त्याच दुबळेपणाचे हत्यार करायचे, हा मोह प्रत्येक समाजाला होतो. सूरह निसाची १३५ वी आयत या मोहाच्या आड येते. न्यायाची साक्ष स्वतःविरुद्ध आणि आप्तांविरुद्ध जात असली तरी द्यावी, असा तिचा हुकूम आहे. म्हणून मोजमाप एकच हवे. साक्षीदार कोणत्याही मोहल्ल्याचा असो, विसंगतीवरून त्याची सचोटी नाकारू नये आणि सचोटीवरून त्याची अचूकता गृहीत धरू नये. गाभ्यावर विश्वास ठेवावा, तपशिलाला दुसरा आधार मागावा.

काही जबाबदारी मोहल्ल्यावरही येते. भेदरलेल्या माणसाला आधी पाणी, निवारा आणि झोप द्यावी. मग लवकरात लवकर त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दहा जणांनी मिळून त्याला आठवण करून देऊ नये, कारण ऐकलेले आणि पाहिलेले मनात मिसळते आणि नंतर ते वेगळे काढता येत नाही. ‘मला आठवत नाही’ हे वाक्य त्याला न लाजता म्हणता आले पाहिजे. जो समाज हे वाक्य ऐकून घेतो, त्याच्या साक्षीदाराचे ‘मला आठवते’ वजनदार ठरते.