उताऱ्यावर नसलेली माणसे

नियोजन म्हणजे पुढचा विचार. पण पुढचा म्हणजे किती पुढचा आणि कोणाचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. हवामानबदल आणि अपारंपरिक ऊर्जा या विषयांची प्रशिक्षणे आता ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत पोहोचू लागली आहेत. सदस्य येतात, अधिकारी येतात, नकाशे आणि आकडे पाहतात, प्रमाणपत्र घेऊन परततात. हे व्हायलाच हवे. परंतु या वर्गात शिकवायचे काय, कसब की विवेक? आणि विवेक शिकवता येतो का?

कायद्याच्या बाजूने फारसे उणे नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय सांगितले, त्यांत अपारंपरिक ऊर्जाही आहे. ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती आणली आणि पाण्याची वाटणी, पर्यावरणाचे रक्षण यांचा विचार तिच्यावर सोपवला. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी.

आपल्याच कर्नाटक राज्यातले पावगड पाहा. तुमकूर जिल्ह्यातला हा तालुका कायमचा दुष्काळी. तेथे पाच गावांच्या सुमारे १३ हजार एकरांवर २०५० मेगावॉटचे सौरउद्यान उभे राहिले. जमीन सरकारने हिसकावून घेतली नाही, भाड्याने घेतली. एकरी वर्षाला २१ हजार रुपये, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २८ वर्षे. मालकी शेतकऱ्याचीच राहिली. भूसंपादनाचा आपला इतिहास पाहता ही व्यवस्था निश्चितच सभ्य म्हणायची. पण भाडे मिळाले ते उताऱ्यावर ज्याचे नाव होते त्याला. त्याच शेतात जो मजुरीला जात होता, त्याच माळावर जो मेंढरे चारत होता, त्याचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नव्हते. त्याचा रोजगार आणि त्याची चराई गेली, आणि ती गेल्याची नोंद करायला कागदावर रकानाच नव्हता. येथे कोणी लबाडी केली असे नाही. सगळे नियमाने झाले. नैतिक प्रश्न सुरू होतो तो नेमका येथे: नियमाने वागूनही अन्याय घडतो, तेव्हा जबाबदार कोण?

सीमाभागाला हा प्रश्न दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णाकाठ बुडाला. पाऊस पडतो सह्याद्रीच्या माथ्यावर, पाणी सांगली-कोल्हापूरकडून चिकोडी-अथणीकडे येते आणि पुढे आलमट्टीला जाते. नदीचा उतार एकच, पण आराखडे जिल्ह्याजिल्ह्याचे आणि दोन राज्यांचे. वरच्या गावाने नदीपात्रात भराव घातला तर त्याच्या आराखड्यात ती ‘विकसित जागा’ ठरते. खालच्या गावाच्या घरात शिरणारे पाणी त्या हिशेबात येत नाही. खालचा माणूस वरच्याच्या उताऱ्यावर नसतो. आणि अजून जन्मालाच न आलेला माणूस तर कोणाच्याच उताऱ्यावर नसतो. पंचायतीची मुदत पाच वर्षांची, करार २८ वर्षांचा. सही करणारा आणि परिणाम भोगणारा यांची गाठ पडेलच असे नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, नियोजक म्हणजे काही संत नव्हे; चांगले नियम करा, तो पाळील. म्हणणे खोटे नाही. चांगुलपणाच्या भरवशावर राज्य चालत नाही. पण नियम आधी सुचावा लागतो, आणि तो सुचण्यासाठी कोणाला तरी गाळलेला माणूस दिसावा लागतो. विवेक भाषणाने शिकवता येत नाही हे खरे. पाहायची सवय मात्र लावता येते.

केरळात १९९६ साली लोकयोजना मोहीम सुरू झाली. राज्याच्या योजनेतला ३५ ते ४० टक्के निधी स्थानिक संस्थांकडे देण्याचे ठरले आणि त्याबरोबरच फार मोठ्या प्रमाणावर लोकांना प्रशिक्षण दिले गेले. पैसा आधी आणि शहाणपण मागाहून, असे झाले नाही. पुढे २०१६ मध्ये वायनाड जिल्ह्यातल्या मीनंगाडी पंचायतीने कार्बनचा जमाखर्च समतोल करण्याचा संकल्प सोडला. झाडे राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या झाडांच्या जोरावर बिनव्याजी कर्ज, अशी योजनाही तेथे निघाली. दूरच्या पिढीचे हित आजच्या शेतकऱ्याच्या पदरात काही टाकून साधायचे, हा त्यातला शहाणपणा. त्यागाचा उपदेश करण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

म्हणून वाटते, प्रशिक्षणाच्या वर्गात किलोवॉट आणि कार्बन जरूर शिकवावेत. पण एक दिवस वर्ग बंद ठेवून प्रशिक्षणार्थींना गावात पाठवावे. ज्याच्या नावावर काही नाही अशा माणसाला गाठून विचारावे, या योजनेने तुझे काय जाईल? नदीच्या खालच्या अंगाच्या गावात जाऊन तोच प्रश्न करावा. २८ वर्षांनी त्या जुन्या पट्ट्यांचे आणि तारांचे काय करायचे, ते कोण उचलणार, हेही आजच कागदावर आणावे. उत्तरे गैरसोयीची येतील. ती आराखड्यात उतरवण्याचे धैर्य प्रमाणपत्राने येत नाही, हे मान्य. पण ती ऐकल्यानंतर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय तरी उरत नाही.