'नाही' म्हणायचा अधिकार

एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कसं? असलेली गोष्ट डोळ्यांना दिसते, हाताला लागते, निदान आवाज तरी करते. नसलेली गोष्ट यातलं काहीच करत नाही. तरी 'नाही' हा शब्द आपण 'आहे'पेक्षा जास्त ठामपणे उच्चारतो, आणि देवाचा विषय निघाला की तर विचारूच नका.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतले सर्व्हर सांभाळणं हा माझा पेशा. शनिवारी संध्याकाळी एका निवृत्त शास्त्रीबुवांकडे अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा ग्रंथ वाचायला जाणं हा छंद. दोन्हीकडे माझा बराचसा वेळ नसलेल्या गोष्टींचा विचार करण्यात जातो.

परवा पीएचडीचा एक विद्यार्थी लॅपटॉप घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, सॉफ्टवेअर चालत नाहीये. लायब्ररी नाहीये म्हणतंय."

"कुठली?"

"लिबएसएसएल. वन पॉइंट वन."

"आणि कुठे नाही?"

"कुठे म्हणजे? नाहीच आहे ना! हे बघा, स्क्रीनवर आलंय."

स्क्रीनवर आलं होतं खरं. लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निरोप कधी ना कधी वाचलेला असतो: अमुक शेअर्ड लायब्ररी उघडता आली नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. बहुतेक प्रोग्रॅम आपलं सगळं सामान बरोबर घेऊन येत नाहीत. अनेकांना लागणारं काम लायब्ररीच्या वेगळ्या फाइलमध्ये असतं आणि प्रोग्रॅममध्ये फक्त तिचं नाव लिहिलेलं असतं. प्रोग्रॅम सुरू होताना लोडर ती नावं वाचतो, फाइली शोधतो आणि मेमरीत आणतो. या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे. लिबएसएसएल ज्याचा भाग आहे त्या ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली, तेव्हा लायब्ररी बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू केले की तिच्यावर विसंबलेले सगळे एकदम दुरुस्त होत. किंमतही तितकीच उघड आहे. ती फाइल सापडली नाही, तर सगळे एकदम अडतात.

पण 'सापडली नाही' म्हणजे कुठे शोधल्यावर? लोडर काही सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. प्रोग्रॅममध्येच नोंदलेले रस्ते आणि वापरणाऱ्याने 'एलडी लायब्ररी पाथ'मध्ये सांगितलेल्या जागा तो आधी बघतो. मग 'एलडीकॉन्फिग' या आज्ञेने बनवलेली यादी चाळतो आणि शेवटी दोन-चार ठरलेल्या डिरेक्टरींत डोकावतो. तिथे नाही, तर त्याच्या लेखी नाही. नवी लायब्ररी 'यूएसआर-लोकल-लिब'मध्ये टाकली आणि एलडीकॉन्फिग चालवायचं राहिलं, तर फाइल डिस्कवर असते, आपल्याला दिसतेही, आणि लोडर 'नाही' म्हणतो. तो खोटं बोलत नाही. त्याने बघितलं त्या जागी ती खरोखरच नसते.

नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, हाच मुद्दा फार शिस्तीने मांडलाय. अभाव कधी मोकळा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. जमिनीवर घडा नाही, या पाठ्यपुस्तकी उदाहरणात घडा प्रतियोगी, जमीन अनुयोगी. दोन्ही सांगितल्याशिवाय 'नाही' हे वाक्यच पुरं होत नाही. त्या विद्यार्थ्याच्या स्क्रीनवर प्रतियोगी आवृत्तीच्या आकड्यासकट होता, अनुयोगी मात्र गायब. तो हवा असेल तर 'एलडी डीबग'ला 'लिब्स' ही किंमत देऊन प्रोग्रॅम पुन्हा चालवायचा, म्हणजे लोडर कोणकोणत्या दारांवर जाऊन आला ते ओळीने छापतो. आम्ही चालवला. फाइल जुन्या मशीनवरून आणलेल्या एका फोल्डरमध्ये पडून होती आणि छापलेल्या यादीत त्या फोल्डरचं नावच नव्हतं.

न्यायाच्या जोडीचं दर्शन वैशेषिकांचं. त्यांच्या जुन्या यादीत पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचे मूलभूत वर्ग, सहाच होते. अभाव हा सातवा पदार्थ पुढच्यांनी जोडला आणि त्याचे चार प्रकार केले. आठल्यांनी संपादित केलेली आणि बोडसांची प्रस्तावना असलेली 'तर्कसंग्रहा'ची १८९७ ची मुंबई आवृत्ती उघडून मी हे चार प्रकार वाचते, तेव्हा मला दिवसभराची कामं आठवतात. नव्या मशीनवर लायब्ररी अजून टाकलेलीच नाही, हा प्रागभाव. तो अनादी असतो, पण वस्तू निर्माण झाली की संपतो. उबुंटू लिनक्सच्या २२.०४ या आवृत्तीत ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ चं पॅकेज भांडारातून गेलं, हा प्रध्वंसाभाव. याला सुरुवात असते, शेवट नसतो. तुम्ही म्हणाल, जुनी फाइल परत टाकता येते की! नैयायिक म्हणेल, ती दुसरी फाइल, फुटलेला घडा काही परत येत नाही. व्यवहारातही तो बरोबरच ठरतो, कारण १.१.१ मालिकेचा जाहीर आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. परत टाकलेल्या फाइलला त्या भांडारातून आता डागडुजी मिळत नाही.

तिसरा अत्यंताभाव, वायूत रूप नसतं तसा तिन्ही काळांतला. चौथा अन्योन्याभाव: घडा म्हणजे वस्त्र नव्हे. हा सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त त्रास देतो. लिबएसएसएल ३ हजर आहे, १.१ नाही, मग ३ च्या फाइलला १.१ या नावाची लिंक लावून देण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. लोडर नावाला फसतो, फाइल उघडतो, आत बघतो आणि सांगतो, की मला हवी असलेली 'ओपनएसएसएल १.१.०' ही खूण इथे नाही. नाव दिल्याने ती वस्तू ती होत नाही. जिथे फाइलच सापडत नव्हती, तिथे आता चुकीची फाइल सापडते, आणि हा बिघाड ओळखायला जास्त वेळ लागतो.

विद्यार्थ्याची फाइल यांतल्या कोणत्या प्रकारात बसते, यावर शनिवारी शास्त्रीबुवांशी बराच वेळ बोलणं झालं. वस्तू दुसरीकडे आहे, आज इथे नाही, उद्या आणून ठेवता येईल. अशा अभावाला काहींनी सामयिकाभाव असं वेगळं नाव दिलं. अन्नंभट्ट आपल्याच 'दीपिका' टीकेत त्याला अत्यंताभावातच घालतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. जागा कळली, वस्तू कळली. तिथे शोधलं आणि मिळालं नाही, एवढ्यावर 'नाही' सिद्ध होतं का? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती न दिसणं हे स्वतंत्र प्रमाणच मानतात. त्याला अनुपलब्धी म्हणतात. पण अट घालतात: योग्यता. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीच ठरत नाही.

ही अट आस्तिकांची पळवाट आहे असं कोणाला वाटेल, म्हणून सांगते. सातव्या शतकातला बौद्ध आचार्य धर्मकीर्ती ईश्वर मानत नव्हता, ईश्वराविरुद्ध त्याने कडक युक्तिवाद केले. तोही म्हणतो, की देशाने, काळाने किंवा स्वभावाने जे आपल्या आवाक्याबाहेर आहे, ते दिसलं नाही यावरून फक्त संशय निघतो, निर्णय निघत नाही. आणि त्याच्या परंपरेशी हाडवैर धरणारा मिथिलेचा उदयनाचार्य 'न्यायकुसुमांजली'त ईश्वराची बाजू मांडताना याच अटीवर उभा राहतो. चार्वाकाची तो मजेदार खिल्ली उडवतो: नुसतं न दिसणं म्हणजे नसणं असेल, तर घराबाहेर पडलेल्या बिचाऱ्या चार्वाकाने बायकामुलं दिसेनाशी होताच छाती पिटून रडायला हवं, परत घरी जायचं तरी कशाला! दोन कट्टर प्रतिपक्षी एका नियमावर सही करतात, तेव्हा तो नियम बहुधा पक्का असतो.

लोडरच्या जगात या नियमाचं एक विलक्षण उदाहरण आहे. अल्पाइन लिनक्सवर दुसरीकडे तयार केलेला एखादा प्रोग्रॅम चालवायला जावं, तर शेल म्हणतं, अशी फाइल नाही. यादी काढावी, तर फाइल डोळ्यांसमोर. परवानग्या ठीक, नाव ठीक. घोळ असा, की त्या प्रोग्रॅमच्या आत ज्या लोडरचं नाव लिहिलेलं असतं, तो लोडर त्या मशीनवर नसतो, कारण अल्पाइन मसल ही वेगळी सी-लायब्ररी वापरतं. गैरहजर असतो शोधणारा, आणि ठपका येतो प्रोग्रॅमवर. प्रतियोगीच चुकीचा चिकटवला जातो. फाइलच्या आत कोणत्या लोडरचं नाव आहे ते 'रीडएल्फ' या आज्ञेने बघितलं, की उलगडा होतो.

यावरून कोणी म्हणेल, 'बघा, देव सापडत नाही कारण तुमच्याकडे शोधण्याचं साधनच नाही.' कीर्तनांत आणि घरच्या वादांत हे मी पुष्कळदा ऐकलंय. इथे माझी हरकत आहे. साधन नाही असं म्हणणाऱ्याने कुठलं साधन, ते सांगायला हवं. मी विद्यार्थ्याला 'तुझ्याकडे लोडर नाही' एवढंच सांगून थांबत नाही. त्या लोडरचं नाव आणि जागा दाखवते, तो बसवला की प्रोग्रॅम चालला पाहिजे, आणि नाही चालला तर माझं निदान खोटं. ज्या साधनाच्या अपयशाने दावा कधीच खोटा ठरू शकत नाही, त्याला योग्यता म्हणत नाहीत. योग्यतेची अट दुधारी आहे. 'दिसत नाही म्हणून नाही' हे ती कापते, आणि 'दिसण्याजोगा नाहीच, म्हणून निर्धास्त राहा' हेही कापते.

माझं स्वतःचं विचाराल, तर गणपतीत मी आरतीला टाळ घेऊन उभी राहते, आणि उदयनाने ईश्वरासाठी दिलेल्या युक्त्या मला पटत नाहीत. जग हे कार्य आहे म्हणून त्याला कर्ता हवा, या युक्तीतलं 'कार्य' मी घड्यात पाहिलंय, जगात पाहिलेलं नाही. पण चार्वाकाला त्याने दिलेलं उत्तर मात्र मला आजही बिनतोड वाटतं. त्याचा निष्कर्ष नाकारून त्याची अट ठेवता येते.

म्हणून घरी, कट्ट्यावर, व्हॉट्सॲपवर पुन्हा हा वाद पेटला, की 'नाही' म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: नेमकं काय नाही, आणि कुठे कुठे बघितलंत? 'आहे' म्हणणाऱ्याला एकच विचारा: कसं शोधलं म्हणजे, नसल्यास नाही असं तुम्हीही मान्य कराल? दोघांनाही उत्तर देता आलं नाही, तर त्या संध्याकाळी ठरण्याजोगं काही नाही असं समजावं आणि चहा टाकावा.